'ॲज सून ॲज पॉसिबल' म्हणजे नेमकं कधी?

रावेरच्या एखाद्या पॅक हाऊसमधून दुबईच्या खरेदीदाराला मेल जातो: 'व्हेरी व्हेरी अर्जंट. प्लीज सेंड ॲडव्हान्स ॲज सून ॲज पॉसिबल अँड डू द नीडफुल.' इकडे केळीची कापणी परवा सकाळी ठरलेली, मजूर सांगून ठेवलेले, रीफर म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर वाटेवर. तिकडे वाचणाऱ्याला या ओळीतून एवढंच कळतं, की कुणीतरी घाईत आहे. किती घाईत, कशासाठी, आणि पैसे आजऐवजी शनिवारी टाकले तर काय बिघडेल, याचा पत्ता नाही. तो 'नोटेड' लिहून मोकळा होतो.

मराठीत बोलताना असं होत नाही. 'भाऊ, तेवढं आजच करजो बरं' यात नातं आहे, विनंती आहे, 'आजच'मधला 'च' आहे, आणि फोनवर असाल तर आवाजही आहे. इंग्रजी मेलमध्ये आवाज आणि नातं दोन्ही गळून पडतं. उरतात फक्त शब्द, म्हणून ते तोलून वापरावे लागतात. खानदेशातून आता केळी, कापूस, डाळ, मिरची यांच्या निमित्ताने आणि पुण्या-बंगळुरात नोकरीला गेलेल्या मुलामुलींमुळे असे मेल रोजच लिहिले जातात. त्यात घाई कशी लिहायची, आणि कुठे हमखास घसरायला होतं, ते इथे पाहू.

सुरुवात त्या लाडक्या वाक्प्रयोगापासूनच. 'ॲज सून ॲज पॉसिबल'चा शब्दशः अर्थ 'शक्य तितक्या लवकर'. शक्य कुणाला? वाचणाऱ्याला. म्हणजे वेळ ठरवण्याचा अधिकार आपण त्यालाच देऊन टाकला. त्याला पुढच्या सोमवारी शक्य असेल, तर सोमवारी केलेलं कामही या वाक्यात चोख बसतं. त्याचं आखूड रूप 'एएसएपी' 1950 च्या दशकात अमेरिकी सैन्यात रुळलं. तिथे वरचा खालच्याला सांगतो, त्यामुळे त्याला हुकमाचा वास अजूनही येतो. गंमत अशी, की एकच शब्द अर्थाने ढिला आणि सुराने कडक आहे. ग्राहकाला, प्राध्यापकाला किंवा बँकेच्या अधिकाऱ्याला तो लिहिला, तर काम लवकर होण्याची खात्री नाही, पण कपाळाला आठी पडण्याची आहे.

'पर्यंत'चा घोटाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक घाईच्या शब्दात नसून एका साध्या शब्दयोगी अव्ययात आहे. मराठीत आपण म्हणतो, 'शुक्रवारपर्यंत कागद पाठवा' आणि 'शुक्रवारपर्यंत इथेच थांबा'. दोन्हीकडे 'पर्यंत'. इंग्रजीत मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकदाच होणारं काम अमुक वेळेच्या आत उरकायचं असेल तर 'बाय', आणि एखादी गोष्ट त्या वेळेपर्यंत चालूच राहणार असेल तर 'टिल' किंवा 'अन्टिल'. 'प्लीज सेंड द पेपर्स टिल फ्रायडे' असं लिहिलं, की वाचणाऱ्याला वाटतं, शुक्रवारपर्यंत रोज कागद पाठवत राहायचंय की काय! हवं असतं 'बाय फ्रायडे'. उलट 'द ऑफिस इज ओपन बाय 6 पीएम' हेही चूक. तिथे 'अन्टिल 6 पीएम' पाहिजे.

'बाय फ्रायडे' म्हटलं की शुक्रवार त्यात धरला जातो. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलं तरी तो वेळेत आहे. शुक्रवार चालणारच नसेल तर 'बिफोर फ्रायडे' लिहावं, आणि त्याहून बरं म्हणजे 'बाय थर्सडे इव्हनिंग'. 'बिफोर' आणि 'बाय' यांच्यातला हा एक दिवसाचा फरक निविदेत किंवा प्रवेश अर्जात गळ्याशी येतो.

तशीच गोष्ट 'दोन दिवसांत'ची. आपण भाषांतर करतो 'इन टू डेज', आणि मनात असतं आज, उद्या, जास्तीत जास्त परवा. इंग्रजी वाचकाच्या कानाला 'आय विल पे इन टू डेज' म्हणजे आजपासून मोजून दोन दिवसांनी. मुदतीच्या आत कधीही चालेल असं म्हणायचं असेल तर 'विदिन टू डेज'. आणि दोनच्या जागी 'विदिन 48 अवर्स' लिहिलं तर तास मोजले जातात, रविवारही त्यात येतो. सुटी वगळायची असेल तर 'विदिन टू वर्किंग डेज'.

आपले 'आठ दिवस' तर वेगळंच प्रकरण आहे. 'आठ दिवसांनी ये' म्हणजे पुढच्या आठवड्यात याच वारी, मोजून सात दिवसांनी. 'पंधरा दिवस' म्हणजे चौदा. हे आपल्याला जन्मापासून ठाऊक असतं, पण 'आफ्टर एट डेज' वाचणारा खरोखर आठ मोजतो आणि सोमवारऐवजी मंगळवारी उगवतो. इथे 'इन अ वीक' आणि 'इन टू वीक्स' म्हणावं. 'फोर्टनाइट' ब्रिटिश माणसाला कळतो, अमेरिकी माणूस अडखळतो. 'बायवीकली' तर कुणालाच लिहू नये. आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, असे दोन्ही अर्थ कोशात शेजारी शेजारी नांदतात.

आणि 'आत्ताच'. 'आय विल डू इट जस्ट नाऊ' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. इंग्लंड-अमेरिकेत 'जस्ट नाऊ' बहुतेक वेळा नुकत्याच घडून गेलेल्या गोष्टीला लावतात: 'ही कॉल्ड जस्ट नाऊ', त्याचा आत्ताच फोन येऊन गेला. दक्षिण आफ्रिकेत त्याच शब्दांचा अर्थ 'बघू, थोड्या वेळाने'. 'लगेच करतो' म्हणायचं असेल तर 'आय विल डू इट राइट अवे' हे कुठेही चालतं.

'ॲट द अर्लिएस्ट' उलटा पडतो

सरकारी पत्रव्यवहारातून आपल्याकडे 'प्लीज रिप्लाय ॲट द अर्लिएस्ट' घट्ट रुजलंय. भारतात त्याचा अर्थ 'लवकरात लवकर' असाच घेतात, आणि जळगावातून धुळ्याला पत्र जात असेल तर काही बिघडत नाही. बाहेरच्या वाचकाच्या कानाला मात्र 'मंडे ॲट द अर्लिएस्ट' म्हणजे 'सोमवारच्या आधी तर नाहीच'. आपण घाई करायला सांगतोय आणि तो थांबायची परवानगी वाचतोय. आपल्याला हवा असलेला शब्द 'ॲट द लेटेस्ट' आहे: 'बाय मंडे नून ॲट द लेटेस्ट', म्हणजे सोमवार दुपारी बारा, त्यापुढे नाही. 'नो लेटर दॅन मंडे नून' हेही तेच सांगतं, जरा जास्त कडक सुरात.

याचा भाऊ 'ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हिनियन्स'. दिसायला रुबाबदार, वाचायला नम्र. पण त्यात 'तुमच्या सवडीने' बसलेलं आहे. 'सवड मिळाली की लगेच' असा त्याचा अर्थ, आणि सवड मिळालीच नाही तर दोष कुणाचाच नाही. थकलेल्या बिलाच्या मागणीत हा वाक्प्रयोग घालणं म्हणजे उधारी मागायला जाऊन 'सावकाश द्या' म्हणून परत येणं. नुसतं 'ॲट युवर कन्व्हिनियन्स' असेल, तर घाईचं नावच नाही.

कोणता शब्द किती गरम

घाईच्या शब्दांना चढती आच असते. सगळ्यात मंद आचेवर 'व्हेन यू गेट अ चान्स' आणि 'व्हेन यू हॅव अ मोमेंट': जमेल तेव्हा बघा. त्याच्या वर 'सून' आणि 'शॉर्टली'. यातला 'शॉर्टली' स्वतःच्या कामासाठी शोभतो: 'वी विल सेंड द इनव्हॉइस शॉर्टली'. समोरच्याला 'प्लीज पे शॉर्टली' म्हणणं विचित्र वाटतं. 'सूनर रादर दॅन लेटर' हा बोलताना उपयोगी पडतो, लवकर झालेलं बरं एवढाच इशारा. 'प्रॉम्प्टली'मध्ये तत्परतेचं कौतुक दडलेलं असतं, म्हणून आभाराच्या पत्रात तो छान बसतो: 'थँक यू फॉर रिप्लायिंग सो प्रॉम्प्टली'. 'राइट अवे' आणि 'स्ट्रेट अवे' दोन्ही म्हणजे लगेच. पहिला सगळीकडे, दुसरा जास्त ब्रिटिश.

'इमिजिएटली'पाशी भांडं उकळू लागतं. गॅस गळतोय, खात्यातून पैसे चोरीला गेलेत, चुकीचा माल भरला जातोय, तिथे तो हवाच: 'प्लीज ब्लॉक माय कार्ड इमिजिएटली' यात उद्धट काही नाही. पण गुणपत्रिकेची प्रत मागायला तोच शब्द वापरला तर ऑर्डर सोडल्यासारखं होतं. 'फोर्थविथ' वकिलाच्या नोटिशीत राहू द्यावा. 'प्रेझेंटली' टाळलेला बरा, कारण ब्रिटिश वापरात तो 'थोड्या वेळाने' आणि अमेरिकी वापरात 'सध्या' होतो. 'मोमेंटरिली'चंही असंच, कुठे 'क्षणभर' तर कुठे 'क्षणात'.

काही शब्दांत आरोप लपलेला असतो, तो आपल्या ध्यानात येत नाही. 'विदाउट डिले' म्हणजे विनाविलंब, ठीक. मध्ये 'फर्दर' घातला आणि 'विदाउट फर्दर डिले' झालं, की 'आधीच उशीर केलाय तुम्ही' असा टोमणा बसतो. पहिल्याच पत्रात तो बसू नये, तिसऱ्यात बसायला हरकत नाही. 'इट्स अबाउट टाइम' तर उघड कुरकूर आहे: झालं एकदाचं! कुणी वेळेत काम केल्यावर कौतुकाने हे म्हणू नये. 'चॉप चॉप' आणि 'मेक इट स्नॅपी' मित्रांपुरते. ग्राहकाला म्हणाल तर ग्राहक जाईल.

'अर्जंट' या शब्दाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण तो आता मराठीच झालाय आणि मराठी होताना बदललाय. आपल्याकडे 'अर्जंट इस्त्री', 'अर्जंट फोटो' ही सेवा आहे. जास्त पैसे द्या, आधी मिळेल. इंग्रजीत 'अर्जंट' कामाचा गुण सांगतो: उशीर झाला तर नुकसान होईल असं काम. म्हणून 'इट इज अर्जंट' एवढं लिहून भागत नाही, पुढचं वाक्य नुकसानीचं लागतं. शिवाय 'व्हेरी व्हेरी अर्जंट', सगळी मोठी अक्षरं, तीन उद्गारचिन्हं, आणि दर आठवड्याला तेच, असं झालं की लांडगा आला रे आला. नाशवंत मालासाठी किंवा मुदतीच्या अर्जासाठी इंग्रजीत 'टाइम-सेन्सिटिव्ह' हा थंड डोक्याचा शब्द आहे. आरडाओरडा न करता तो सांगतो, की वेळ टळली की किंमत गेली.

जिथे घाईवर जीव टांगलेला असतो, तिथल्या लोकांनी तर आच मोजूनच ठेवलीय. विमान किंवा जहाज बुडण्या-कोसळण्याच्या धोक्यात असेल तर वायरलेसवर तीनदा 'मेडे' म्हणतात. अडचण गंभीर आहे पण लगेच जिवावर बेतलेली नाही, तर तीनदा 'पॅन-पॅन'. दोन्ही शब्द फ्रेंचवरून आले. इस्पितळात 'स्टॅट' म्हटलं की हातातलं सोडून धावायचं. तो लॅटिन 'स्टॅटिम'चा तुकडा, अर्थ 'तत्क्षणी'. 'डेडलाइन'चं मूळ त्याहून काळं आहे. अमेरिकी यादवी युद्धात, 1864 च्या सुमारास, अँडरसनव्हिलच्या युद्धकैदी छावणीत कुंपणाच्या आत एक रेष होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. पुढे हा शब्द वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पोहोचला आणि मवाळ झाला.

कुणाच्या घड्याळात संध्याकाळ?

'बाय एंड ऑफ डे', म्हणजे 'ईओडी', म्हणजे कामाचा दिवस संपेपर्यंत. कुणाचा दिवस? दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, सौदी अडीच तास. सावद्यात संध्याकाळचे सहा वाजले की दुबईत साडेचार वाजलेले असतात, कचेरी चालू असते. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेसात, कारण ते लोक वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे करतात. पुण्यात बसून अमेरिकी कंपनीचं काम करणाऱ्या मुलाने 'विल सेंड बाय ईओडी' लिहिलं, तर समोरचा आपल्या संध्याकाळची वाट बघतो, किंवा याला अर्ध्या रात्रीपर्यंत मोकळीक आहे असं धरून चालतो. म्हणून तास आणि घड्याळ दोन्ही लिहावेत: '6 पीएम इंडिया टाइम'.

आठवड्याची सुटीही सगळीकडे रविवारची नसते. संयुक्त अरब अमिरातीत सरकारी कचेऱ्या जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवार बंद असतात आणि शुक्रवारी दुपारपर्यंतच चालतात. सौदीत सुटी शुक्रवार-शनिवार. रियाधच्या व्यापाऱ्याला 'बाय फ्रायडे' लिहिणं म्हणजे गुरुवारीच मुदत संपवणं. तो नाराज होणार नाही, फक्त रविवारी उत्तर देईल.

'नेक्स्ट फ्रायडे'चं भांडण इंग्रजी बोलणाऱ्यांतही मिटलेलं नाही. येता शुक्रवार की त्याच्या पुढचा? तारीख लिहा, आणि महिना अक्षरात लिहा. 5/8 हे आपल्याला 5 ऑगस्ट, अमेरिकी माणसाला 8 मे. रात्री बाराची मुदत द्यायची असेल तर 11:59 लिहिलेलं चांगलं, कारण '12 एएम, 20 ऑगस्ट' म्हणजे 19 ची रात्र की 20 ची, यावर निम्मे लोक चुकतात.

घरचं इंग्रजी

'डू द नीडफुल' हे ब्रिटिश कचेऱ्यांतून आलेलं जुनं इंग्रजी. तिकडे ते मागे पडलं, आपण जपून ठेवलं. दोष त्याच्या वयात नाही. 'जे काय करायचं ते करा' असं सांगून आपण काय करायचं ते सांगतच नाही, ही खरी अडचण. त्या जागी काम लिहा: 'प्लीज साइन पेज 3 अँड सेंड द स्कॅन'. 'प्लीज रिव्हर्ट'चा आपल्याकडे अर्थ 'उत्तर द्या', बाहेर मात्र 'पूर्वस्थितीला न्या'. सॉफ्टवेअरच्या धंद्यात तर ही खरी आफत आहे. 'प्लीज रिव्हर्ट अर्जंटली' वाचून कुणी केलेला बदलच मागे घेतला, तर त्याची चूक नाही. 'रिप्लाय' हा साधा शब्द पुरेसा आहे. 'प्रीपोन' भारतीय इंग्रजीचा शब्द म्हणून ऑक्सफर्डच्या कोशात आहे, पण परदेशी माणसासाठी 'मूव्ह इट अप टु 10 एएम' किंवा 'ब्रिंग इट फॉरवर्ड' सोपं जातं. 'टुडे इटसेल्फ' मधला 'इटसेल्फ' आपल्या 'आजच'मधला 'च' आहे. इंग्रजीत 'टुडे' पुरतो, फार तर 'टुडे, प्लीज'. 'आय ॲम इन हरी' मध्ये एक 'अ' राहतो: 'इन अ हरी'. एक गोष्ट मात्र आपल्याला सोपी जाते. 'ऑन टाइम' म्हणजे वेळेवर आणि 'इन टाइम' म्हणजे वेळेत. भुसावळला गाडी 'ऑन टाइम' आली, आपण फलाटावर 'इन टाइम' पोहोचलो.

आता तो मेल पुन्हा

चांगल्या तातडीच्या मेलमध्ये काम, वेळ आणि कारण लागतं, आणि जमणार नसेल तर समोरच्याने काय करायचं हेही. विषयाची ओळ आधी. मोबाईलवर तिचे पहिले पाच-सहाच शब्द दिसतात, म्हणून 'अर्जंट'ने जागा अडवू नये: 'ॲडव्हान्स नीडेड बाय वेन्सडे 2 पीएम दुबई'. मग मजकूर:

'कुड यू प्लीज ट्रान्सफर द ॲडव्हान्स बाय वेन्सडे, 19 ऑगस्ट, 2 पीएम दुबई टाइम? वी कट द फ्रूट ऑन थर्सडे मॉर्निंग, अँड आफ्टर दॅट वी कान्ट होल्ड इट. द कंटेनर मस्ट रीच न्हावाशेवा बिफोर द पोर्ट कट-ऑफ ऑन सॅटर्डे. इफ वेन्सडे इज नॉट पॉसिबल, प्लीज टेल मी बाय ट्यूजडे इव्हनिंग, सो आय कॅन पोस्टपोन द कटिंग.'

यात 'अर्जंट' कुठेच नाही. 'कुड यू प्लीज'ने नम्रता सांभाळली, तारखेने घाई सांगितली, कापलेला घड झाडाला परत लागत नाही हे दुसऱ्या वाक्याने सांगितलं. 'कट-ऑफ' हा बंदराचा शब्द, म्हणजे त्या जहाजासाठी कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ. फळाच्या धंद्यातल्या कुणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. पैसे येणार नसतील तर निदान मंगळवारी कळतं आणि कापणी थांबवता येते.

प्राध्यापकांकडे शिफारसपत्र मागणाऱ्या विद्यार्थ्याने याच मापात लिहावं, फक्त दोन-तीन आठवडे आधी: 'द युनिव्हर्सिटी क्लोजेस ॲप्लिकेशन्स ऑन 15 डिसेंबर. वुड इट बी पॉसिबल टु सबमिट द लेटर बाय 10 डिसेंबर?' पाच दिवस हातचे राखले. उशीर आपलाच झाला असेल तर 'आय नो धिस इज शॉर्ट नोटिस' आधी लिहून मोकळं व्हावं. चूक कबूल असली की घाई कमी बोचते.

स्मरणपत्रात आच एकेक पायरीने वाढवायची. पहिल्यात 'जस्ट चेकिंग इफ यू हॅड अ चान्स टु लुक ॲट धिस'. दुसऱ्यात मुदतीची तारीख पुन्हा. तिसऱ्यात परिणाम: 'इफ वी डोन्ट हिअर फ्रॉम यू बाय 5 पीएम टुडे, वी विल हॅव टु रिलीज द कंटेनर स्लॉट'. 'जेंटल रिमाइंडर' चालतो, पण तो इतका झिजलाय की हल्ली त्यातलं 'जेंटल' वाचूनच लोक सावध होतात. आणि खरोखर तासाभराचा प्रश्न असेल तर मेल पाठवून फोन करावा, 'हॅव आय कॉट यू ॲट अ बॅड टाइम?' एवढं विचारून कामाचं बोलावं.

उलट बाजूने वरिष्ठांचा 'नीड धिस एएसएपी' असा निरोप आला, तर 'ओके सर' लिहून धावत सुटू नये. वेळ आपणच सुचवावी: 'आय कॅन सेंड इट बाय 11 एएम टुमॉरो, इंडिया टाइम. इज दॅट सून इनफ?' बहुतेकदा उत्तर येतं, 'फ्रायडे इज फाइन.'